बुजवलेली भोकं

पाण्याच्या कामावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला गळतीचा राग असतो, आणि नोकरी संपली म्हणून तो राग संपत नाही. पंपवाल्या अण्णांचं तसंच होतं. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी वाटेत कुणाच्या अंगणात नळ ठिबकताना दिसला की अण्णा फाटक उघडून सरळ आत शिरायचे, खिशातून रबराची चकती काढायचे आणि नळाचं तोंड बंद करूनच बाहेर यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या नळांची तर गळायची छातीच नव्हती. "पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हे वॉशर शोधायला उठतील," असं त्यांची बायको म्हणायची.

असल्या माणसाच्या हाती एक जुनी व्हॅन आली. म्हणजे त्यांनी ती मुद्दाम शोधून आणली, मुलीसाठी. मुलीच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. घरात तिला सगळे चिमणी म्हणत, ती तिशीला आली तरी. चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका दुकानात तिला काम लागलं होतं, पण दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. अण्णांनी व्हॅनची मागची सीट काढून टाकली, तळाच्या पत्र्याला चार लोखंडी कड्या बसवल्या, आणि चिमणीची चाकाची खुर्ची फळीवरून आत चढवून चार पट्ट्यांनी त्या कड्यांना बांधायची रीत पाडली. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते मान वळवून विचारत, "नीट बसलीस ना?" ती म्हणे, "हो." मग गाडी निघे.

त्या दुकानात खिडकीशी तिचं यंत्र होतं. तिथं तिला कुणी चिमणी म्हणत नसे. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं आणि म्हणायचं, "माझं भिंग त्या खिडकीतल्या बाईंकडंच द्या." संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागलेली असायची, आणि ती हात धुवायची मुळीच घाई करत नसे.

गाडी आली त्या वर्षी पावसात एकदा तळातून चिखलाचा शिंतोडा उडाला आणि तिच्या पायमोज्यांवर बसला. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ते गाडीखाली पाठीवर झोपले. बघतात तर तळाच्या प्रत्येक कोपऱ्यात बोट जाईल एवढं गोल भोक. "कारखान्यातला माणूस बुचं लावायला विसरला," असं त्यांनी ठरवून टाकलं. जुन्या झडपेचं रबर कापून त्यांनी नेटकी बुचं केली, ठोकून बसवली, खालून डांबर फासलं, वरून रबरी चादर आणि त्यावर जाड गालिचा घातला, मुलीला हादरे बसू नयेत म्हणून. बायकोला बोलावून दाखवलं. "आता एक थेंब आत येऊ दे, मिशी उतरवीन."

थेंब खरोखरच आला नाही. दर रविवारी मात्र अण्णा दोन बादल्या पाणी ओतून गाडी आतून धूत, कारण खुर्चीची चाकं चिखल घेऊन येत. गालिचा वरून वाळायचा. खाली काय चाललं होतं, ते वर्षानुवर्षं कुणीही उचलून पाहिलं नाही.

एका संध्याकाळी खुर्ची उतरवल्यावर ते पट्टे गोळा करत होते, तेव्हा त्यांची टाच गालिच्यात खचली. भिजलेल्या पुठ्ठ्यावर पाय पडावा तशी.

पत्रेकाम करणारा मिस्त्री अण्णांचा शाळेपासूनचा सोबती. त्यानं सकाळी गालिचा उचलला आणि नाकाला फडकं लावलं.

"अण्णा, गाडी म्हणून आणलीस आणि तळं पाळलंस की रे!"

"चेष्टा पुरे. किती खराब आहे ते सांग."

मिस्त्रीनं पेचकस घेतला आणि पत्र्यावर टेकवला. जोर लावावा लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. मग मिस्त्री गाडीखाली सरकला, डांबर खरवडलं, पकडीनं एक बूच ओढलं. तांबडं पाणी धार धरून त्याच्या बाहीत शिरलं.

"हे कुणी बसवलं?" त्यानं खालूनच विचारलं.

"मी. इतक्या वर्षांत थेंब आत आला नाही."

"आत नाही आला. पण आतला बाहेर कुठून जाणार होता?"

मिस्त्री बाहेर आला, बाही पिळली. "अरे, ही भोकं कुणी विसरलेली नसतात. ठेवलेली असतात. पाणी आत यायचंच, दारातून, चाकांबरोबर, तुझ्या बादलीतून. त्याला वाट लागते. ती मोकळी ठेवायची, अधूनमधून गालिचा काढून पत्र्याला ऊन दाखवायचं, गंजाचा ठिपका दिसला की पत्रा पांढरा होईतो घासून रेड ऑक्साइडच्या रंगाचा हात मारायचा. गाडी तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगली असती."

"हे आता सांगतोस?"

"तू विचारलंस कधी? माझ्याकडं यायचास तो माझा नळ दुरुस्त करायला!"

दोघंही थोडं हसले. मग मिस्त्रीनं वेल्डिंगची काच तोंडापुढं धरली. ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा शाबूत होता, तिथं नवा तुकडा चांगला धरला. मागं, कड्यांपाशी, ज्योत लागली की पत्र्याची कड वितळून गळून पडायची. जोडायला जावं तेवढं भोक मोठं व्हायचं. अण्णा वाकून त्यातून खालची जमीन बघत राहिले. आधी रुपयाएवढी दिसली, मग ताटाएवढी. खालचे दांडे तरी पकडतील म्हणून मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून पाहिलं. टण् असा आवाज यायला हवा होता. आला तो भद्द असा.

त्यानं काच बाजूला ठेवली.

"जाड ठिगळ मार," अण्णा म्हणाले.

"आभाळ फाटलंय अण्णा. ठिगळ शिवायला धड कापड तरी लागतं. तू एकटा चालव, सामान ने. खुर्ची मात्र बांधू नकोस. एका वळणावर कडी उपटून आली तर पोर कुठं जाईल?"

"पुढच्या सीटवर बसवली तर?"

"कोण उचलणार? तुझी कंबर बघ." मिस्त्रीनं हात पुसले. "मी येतो उचलायला."

"रोज? जाताना, येताना?"

मिस्त्रीनं हातोडी पेटीत टाकली. तो म्हणाला, "दुसरी गाडी बघ." ती घेण्याची अण्णांची ऐपत दोघांनाही ठाऊक होती, म्हणून ते वाक्य कुणी उचललं नाही.

घरी येऊन अण्णा चिमणीच्या समोर बसले. त्यांनी काही लपवलं नाही. भोकांचं सांगितलं, बुचांचं सांगितलं. "माझ्याच हातानं झालं गं," म्हणाले.

चिमणी बोटांवर राहिलेली आदल्या दिवशीची भुकटी चोळत होती. "मला कळत होतं, अण्णा."

"काय कळत होतं?"

"मागची उजवी कडी बरेच महिने हलत होती. वळण आलं की खुर्ची सरकायची. मी दाराचा दांडा धरून बसायचे."

"अगं, मी रोज विचारायचो, नीट बसलीस ना म्हणून!"

"आणि मी हो म्हणायचे. नाही म्हटलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी गाडी थांबवली असती."

आई दारात उभी होती. "बापाची लेक शोभतेस," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. कडी हलू लागली तेव्हाच कळलं असतं, तर धरायला थोडा पत्रा शिल्लक असता, हे अण्णांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

सकाळी नेहमीच्या वेळेला चिमणी तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अण्णांनी खुर्ची रस्त्यावर घेतली आणि ढकलायला लागले. बाजार ओलांडला, शाळा ओलांडली. पुढं चढ लागला. निम्म्या चढावर अण्णांचा जोर सरला. खुर्ची पुढं जाईना, मागं सोडवेना. चिमणीनं दोन्ही हातांनी चाकं आवळून धरली. वरून उतरणाऱ्या एका माणसानं हात लावून त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं, आणि तो घाईत होता म्हणून निघून गेला.

अण्णांनी चाकाखाली दगड लावला आणि स्वतः फुटपाथवर बसले. त्यांचा श्वास ठिकाणावर येईना. चढ अजून तितकाच वर होता, आणि त्याच्या पलीकडं दुकान उघडायची वेळ झाली होती.

मग चिमणी वर बघत म्हणाली, "उद्या जरा लवकर निघू या, अण्णा."

"हो," अण्णा म्हणाले. "लवकर निघू."