पाटलीणबाईंच्या हातची रोटी

एप्रिलातला शेवटचा रविवार. दिग्रसच्या बाहेर, पुसद रस्त्यावरचं एक लॉन. दुपारचं लग्न.

हजर: मी, शांता, रमा, पुष्पाकाकू. गैरहजर: कोणी नाही.

पाटलीणबाई तेवढ्या आल्या नव्हत्या. त्यांचं फक्त नाव आलं होतं. आमच्या चुलींच्या मागे, दोन बांबूंना बांधलेल्या फ्लेक्सवर. ‘पाटलीणबाईंच्या हातची अस्सल लांब रोटी.’ बाजूला एका गोऱ्या बाईचा फोटो. नथ, हिरवा चुडा, हसू.

“हे काय लावलं, राजूभाऊ?” मी विचारलं. राजूभाऊ केटरर. आम्हाला काम तोच देत होता.

“काई नाई ना ताई. मार्केटिंग हाये.”

“पाटलीणबाई कोन?”

“तुमीच. आजच्या दिवस.” तो हसला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “अन् हे पाहा, कोनी विचारलं त नाव सांगू नोका. आडनाव त बिलकुलच नाई. फक्त हसून द्याचं.”

त्याने शिवलेल्या नऊवारी आणल्या होत्या. कमरेला इलॅस्टिकवाल्या. आम्ही भांड्यांच्या टेम्पोमागे जाऊन त्या चढवल्या. पुष्पाकाकू म्हणाल्या, “माय वं, ह्या वयात मले नाटकात घेतलं.” रमा हसली. मीही हसले असेन. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. मी चुली पेटवल्या.

मी एका खासगी शाळेत कंत्राटी लिपिक आहे. पगार येतो तेव्हा येतो. मुलगी अमरावतीला शिकते आणि तिची मेस पगाराची वाट बघत नाही. म्हणून जोडधंदा शोधायचा ठरवलं. नेहमीप्रमाणे यादी केली. पापड: गल्लीत सगळ्याच करतात, खोडलं. शिलाई: डोळे साथ देत नाहीत, खोडलं. घरबसल्या पॅकिंग: मोबाइलवर आलेल्या माणसाने आधी पैसे मागितले, खोडलं. शेवटी कागद उलटा करून लिहिलं, हाताला काय येतं?

लांब रोटी येत होती. आईकडून आलेली. वस्त्रगाळ कणीक पाणी घालून सैल भिजवायची, ती तार धरेपर्यंत परातीत आपटायची. मग गोळा हातावर घ्यायचा, सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो. चुलीवर पालथं घातलेलं मडकं तापलेलं असतं. त्यावर ती चादर टाकायची. श्वास घेईपर्यंत भाजून होते. आमच्या वस्तीत लग्न असो, बारसं असो, मटणाच्या रश्श्याशी हीच रोटी. दुसरीकडे कोणी ती करत नव्हतं आणि कोणी मागत नव्हतं.

मग एकदम मागू लागले. लॉनवर चायनीजच्या शेजारी लांब रोटीचा काउंटर. मी या तिघींना गोळा केलं. कामं वाटून दिली. मडकी गोणपाटात कशी बांधायची, दोन जास्तीची का घ्यायची, सगळं ठरवून दिलं. पहिल्याच सीझनला शाळेच्या अर्ध्या वर्षाच्या पगाराजवळ जाणारी कमाई झाली. मेस वेळेवर भरली. शांताचा नवरा मिस्त्रीकाम करताना परांचीवरून पडला, तेव्हापासून घरात बसून आहे. तिचं तर घरच या मडक्यावर चाललं होतं.

एकदाच बिनसलं. यवतमाळचं एक लग्न. रांग लागली, मग विरघळली. अर्धी कणीक परत आली. घरी येऊन मी लिहिलं: रोटी जाड झाली असावी. पुढच्या वेळी कणीक जास्त आपटणे.

आणि आम्ही जास्त आपटू लागलो. खांदे भरून येईपर्यंत.

तर तो रविवार. मंडपात कूलर होते. आमचा काउंटर मंडपाबाहेर, उन्हात. रांग मोठी होती. नवरीची आत्या पुढे आली. गळ्यात जाड सोनं, बोलणं मोकळं. तिने पहिला घास घेतला.

“अवं, किती पातळ! रुमालच जसा. कोन्त्या गावच्या हो तुमी, पाटलीणबाई?”

शांता हसली. सांगितल्याप्रमाणे.

आत्याने शेजारच्या बाईला कोपर मारलं. “पाह्य, घरंदाज हात लपत नाई. नाईतं गेल्या सीझनले यवतमाळात पाह्यलं मी एका लग्नात. त्या तिकडल्या वस्तीतल्या बाया आनल्या होत्या. कोपरापासून कनीक सोडून राह्यल्या होत्या. मले त शिसारीच आली बाप्पा. मी सगळ्यायले सांगतलं, हात लावू नोका.”

हे बोलताना तिच्या तोंडात आमचा घास होता.

कणीक माझ्या कोपरावर होती. मी ती मडक्यावर टाकली. बोटं मडक्याला लागली. नंतर फोड आला, तेव्हा समजलं. त्या वेळी काही समजलं नाही. एवढंच समजलं की यवतमाळला रोटी जाड नव्हती.

मी मुकुटबनची. पाचवीत असताना डब्यात हीच रोटी होती, आईने फडक्यात घडी करून दिलेली. सुनीताने तुकडा मागितला. मी दिला. तिने चांगलं म्हणून अजून मागितला. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. सगळ्या वर्गासमोर तिने सुनीताला हापशीवर नेलं आणि चूळ भरायला लावली. परत भर. अजून भर. गुरुजी बघत होते. मी डबा बंद केला आणि दप्तरात ठेवला. रडले नाही. बारावीपर्यंत पुन्हा ती रोटी शाळेत नेली नाही.

“काकू,” मी आत्याला म्हणाले.

“काय वो?”

“यवतमाळच्या त्या बाया आमीच होतो.”

“कोन?”

“आमीच. ह्याच मडक्यायवर. आमी चौघीबी बौद्ध. पाटलीणबाई इथं कोनीच नाई.”

आवाज चढला नाही. शाळेत हजेरी वाचते तसाच होता. पण रांगेत ऐकू गेलं.

आत्याने ताट टेबलावर ठेवलं. हळूच, आवाज न करता. वॉशबेसिनकडे गेली. नळ सोडला. चूळ भरली. परत भरली. अजून भरली.

या वेळी मी डबा बंद केला नाही. उठले. बांबूची सुतळी सुटेना, म्हणून विळीने कापली. फ्लेक्स खाली आला. गोऱ्या बाईचा चेहरा आत जाईल अशी त्याची घडी केली आणि राजूभाऊच्या खुर्चीवर ठेवली. परत येऊन मडक्यासमोर बसले.

रांगेतले बरेच गेले. काही थांबले. एक पगडीवाला म्हातारा ताट पुढे करून म्हणाला, “बाई, भाषण झालं असन त वाढ.” मी वाढलं.

राजूभाऊ धावत आला. “तुमाले अक्कल हाये का? पुढचे चार लग्न लावले होते मी तुमच्या नावावर!”

“आमच्या नावावर नाई, भाऊ. पाटलीणबाईच्या नावावर.”

“मंग बसा आता आपलं नाव चाटत.” तो फ्लेक्स काखेत मारून गेला.

काम आटोपून टेम्पोत बसलो. मडकी एकमेकांवर आपटत होती. घराजवळ उतरताना शांता म्हणाली, “तुले शाळा हाये. मले काय हाये? एक दिवस पाटलीण झालो असतो त काय झिजलं असतं?”

मी तिचं मडकं उतरवून तिच्या ओट्यावर ठेवलं.

त्यानंतर राजूभाऊचा फोन आला नाही. आणखी दोन केटरर बोलले. कामाचं सगळं जमलं, नावाशी येऊन अडलं. एकजण म्हणाला, “नुसतं ‘गावरान’ लिहू ना ताई, कोनाचंच नाव नोको.” त्यालाही नाही म्हटलं. या महिन्यात फक्त आमच्याच वस्तीतलं एक लग्न मिळालं. मुलीला कळवलं, मेसला उशीर होईल. तिने ‘बरं’ एवढंच लिहिलं.

आता पत्र्याची पाटी आणली आहे. पांढरा रंग देऊन वाळवली. वर मोठ्या अक्षरात ‘लांब रोटी’. खाली करणाऱ्यांची नावं, आडनावासकट. पाटी लागेल तिथेच चूल पेटेल. पाटी नको म्हणतील तिथे मडकं टेम्पोतून उतरणार नाही. गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागो, दोन लागोत. कणीक मात्र आता गरजेपेक्षा जास्त आपटायची नाही.

माझं नाव मी रंगवलं. रमाचं झालं. पुष्पाकाकूंनी स्वतः समोर बसून आपलं काढून घेतलं, अक्षर मोठं पाहिजे म्हणून दोनदा.

चौथ्या नावाची जागा कोरी आहे. शांताच्या घरी जाऊन विचारायचं राहिलं आहे.