जाऊबाईंची वाळू, आमची चिकणमाती

ओनोरीन म्हणजे माझी थोरली जाऊ. बाई सोन्यासारखी, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे बापडं. गावाला कुठे तिच्या शेजारी नांदायचं होतं?

ती कोन्याककडची. लग्न होऊन आमच्या आर्मान्याकात आली तीच नाक उडवत. "आमच्याकडे ब्रँडी दोनदा गाळतात हो, म्हणून कशी रेशमासारखी उतरते." मामंजींनी तिथल्या तिथे सुनावलं, "इथे एकदाच गाळतात. ब्रँडीला हाडं लागतात, सूनबाई." मला कोण आनंद झाला होता! पण वाटणीच्या वेळी त्याच मामंजींनी द्राक्षमळ्यातली वाळूची पट्टी थोरल्याला दिली आणि चिकणमातीचा चढ आमच्या गळ्यात मारला.

मग काय विचारता! थंडीत ब्रँडी गाळणारा मार्सेलँ चाकांवरची तांब्याची भट्टी घेऊन यायचा, आधी आमच्या अंगणात, मग त्यांच्या. भट्टी तीच, माणूस तोच, द्राक्षाची जातसुद्धा तीच. तिची ब्रँडी थोड्याच वर्षांत सुकवलेल्या आलुबुखाराचा वास सोडायची, आमची घशात काट्यासारखी रुतायची. ही बया आमच्यातला घोट घ्यायची आणि गोड हसून म्हणायची, "तरुण आहे गं अजून." माझी कानशिलं तापायची.

माझी सोलांज जन्मली त्या वर्षी दोन्ही घरांनी तिच्या नावानं एकेक पिंप भरलं. पोरीच्या लग्नात तिच्याच वयाची ब्रँडी वाढायची, ही आमची रीत. जाऊबाईला मूलबाळ नाही, म्हणून मीही गप्प बसले. पण ते टोमणे ऐकून ऐकून मी आमचं पिंप चाखणंच सोडलं. नवरा चाखायचा, पण त्याला काय, सगळंच छान लागतं!

लग्न ठरलं आणि सोलांज म्हणाली, "आई, काकूंचीच वाढूया ना. पाहुण्यांसमोर..." पुढचं तिनं गिळलं. पोटची पोर! माझ्या काळजाचं पाणी झालं. दोन्ही पिंपांतली ब्रँडी काचेच्या बुधल्यांत भरली होती; ते बुधले आमच्या तळघरात शेजारी शेजारी ठेवले होते, तोंडाला मेण लावून. वाढायचा मान अर्थातच काकूंना.

बदकाचं जेवण झालं, कॉफी झाली, कॉफीच्या कोमट कपांतून आणि ग्लासांतून ब्रँडी फिरली. जो तो डोळे मिटून म्हणतोय, "वा, ओनोरीन, वा!" मी थेंबाला शिवले नाही. जळून नुसता कोळसा झाले होते.

सकाळी भांडी आवरायला बसले. आमच्याकडे ब्रँडीची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, रिकाम्या ग्लासात. एक ग्लास हुंगला. भाजलेलं चेस्टनट, मध, जुनं लाकूड... संपेचना तो वास. कपाळ माझं, म्हटलं, आणि तिचा बुधला परत करून टाकावा म्हणून तणतणत तळघरात उतरले.

तिच्या बुधल्याचं मेण जसंच्या तसं होतं. अर्धा झाला होता तो माझा.

वर आले तर जाऊबाई ग्लास पुसत उभी. "हे काय केलंत तुम्ही?"

तिनं वर बघितलं नाही. "माझी वाळूची. लवकर फुलली, लवकर ओसरली. बुधला भरतानाच कळलं. तुझी आत्ता कुठे उमलायला लागलीय."

"मग चार माणसांत सांगायला तोंड नव्हतं?"

"या गावात माझं दुसरं काय कौतुक आहे गं? तुला लेक आहे." मग एकदम फणकारली, "जळले मी! तू एकटीच जळतेस होय?"

तेवढ्यात सोलांज आत आली. ग्लास उचलून हुंगला. "आई, बघ! काकूंची ती काकूंची. कुणाला सर नाही."

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेनं मी तिच्याकडे जन्मभर बघत आले होते. समोरून कशी दिसते, ते आज कळलं.

ओठांवर आलेलं मी गिळणार नव्हते. मी का गिळू? "पोरी, ती..." मी सुरुवात केली, पण जाऊबाईनंच सोलांजच्या हातातला ग्लास काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुझ्या आईची आहे ती," ती म्हणाली. आणि लगेच नाक उडवून, "तशी तरुणच आहे म्हणा अजून."