माळावरचं खुराडं

"दोन दिवस झाले, जेवत नाई, पाणी घेत नाई. जागेवरून उठतच नाई."

तामसीहून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या बाई शेजारणीला सांगत होत्या. मला वाटलं, घरात सून आजारी असावी. तेवढ्यात त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून एका कोंबडीनं मान बाहेर काढली.

कंडक्टर आला. "अम्मा, इसका टिकट?"

"औरतां को माफ है ना? ये भी औरतच है."

"तो फिर इसका आधार कार्ड दिखाओ."

बस हसली. आमच्याकडे तेलंगणात बायकांना बसप्रवास मोफत आहे, पण तो हक्क कोंबडीसाठी मागणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळच्या बसला त्या पुन्हा भेटल्या. कोणी विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, "डाक्टर म्हणे, मॅडम, ही बिमार नाई, खुडूक हाय. अंडे उबवाले बसली होती, तुमी उठवून आणली." मग कोंबडीच्या डोक्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मले काईच येत नाई ना बाई."

हे वाक्य तुम्हीही पुष्कळांच्या तोंडून ऐकलं असेल. बहुतेकदा ते म्हणताना माणसाची मान खाली जाते. यांची वर असायची.

त्यांची सारी नोकरी मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, झाली. लोकांच्या जमिनींचे पट्टे, पहाणीचे कागद त्यांच्या हाताखालून जायचे. कोणाचा बांध कुठे संपतो ते त्यांना खुर्चीवर बसून सांगता यायचं, पण मातीत हात घालायची वेळ कधी आली नव्हती. त्यांची आई मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदणीला गेली. रिटायर झाल्यावर बाईंनी गावाबाहेरच्या माळावर जमिनीचा एक खडकाळ तुकडा घेतला. लोक म्हणाले, कापूस लावा. बाई म्हणाल्या, "कापूस सारेच लावतेत. मले घर लावाचं हाय."

रविवारी मी तिकडे फिरायला जाऊ लागले. कुंपणाशी उभी राहायची आणि बघायची. मी इंग्रजी शाळेत शिकले. एखादी गोष्ट येत नसेल तर गप्प राहायचं, हे मी तिथे सगळ्यात चांगलं शिकले होते. बाई मात्र वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायच्या.

"काऊन भाऊ, माहा सांबार काऊन नाई उगवला?"

"धने रगडून पेरले का?"

"रगडाचे असतेत का?"

बैलगाडीवरचा माणूस हसत हसत पुढे गेला. बाईंनी लगेच मूठभर धने चपलेखाली रगडले आणि पुन्हा पेरले. खोलीची भिंत वाकडी आली, तेव्हा गवंड्याच्या बरोबरीनं त्यांनीच ती पाडली आणि त्याच विटांची पुन्हा उभी केली. मिरचीची रोपं भर उन्हात लावून जाळली, मग दुसरी लावली. तेच वाफे पुढे हिरवे झालेले मी पाहिले. सांबार, म्हणजे कोथिंबीर, गुडघ्याला लागला. वालाचा वेल टिनावर चढला. एक दिवस बाईंनी मला कुंपणाच्या आत ओढलं आणि खुराड्यात वाकून पाहायला लावलं. तीच कोंबडी अंड्यांवर पसरून बसली होती, डोळे अर्धे मिटून.

"आता नाई उठवत मी तिले," बाई कुजबुजल्या. "आमच्या मायले सपनातबी सवताचं खुराडं दिसलं नसन, पोरी."

इतकं साधं काही बघताना माझ्या अंगावर काटा का आला, ते मला सांगता आलं नाही. मी तशीच वाकून बघत राहिले.

त्याच आठवड्यात विहिरीच्या काठावर त्यांचा पाय घसरला आणि मोडला.

मी गेले तेव्हा बाई माळावरच्या घरापुढे अंगणात बाजेवर होत्या, पायाला प्लास्टर; मी सवयीनं कुंपणाशीच थांबले. हैदराबादहून मुलगा गाडी घेऊन आला होता. वाईट नव्हता तो, घाबरलेला होता.

"आई, पाय बरा होईपर्यंत तिकडं चल. अन् हे आता कोणाले देऊन टाकू. माणूस नसलं त महिन्याभरात कुंपणबी राहणार नाई."

बाईंनी वाद घातला नाही. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांकडे वळून, धन्यांबद्दल विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "मी येतोवर इथं कोणी राहीन का?"

"मॅडम, कापूस फुटून हाय," एक जण खाली बघत म्हणाला. "वेचाले माणूस भेटून नाई राह्यलं." ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत आमच्याकडे रिकामा हात सापडत नाही.

खुराड्यात कोंबडी अजून अंड्यांवरच होती. एकदोन दिवसांत पिल्लं निघायची होती. रात्री माळावर मुंगूस फिरतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुलानं पिशवी गाडीत ठेवली. दोघांनी बाईंना उचलून मागच्या सीटवर बसवलं. त्यांनी काच खाली केली आणि पुन्हा तेच विचारलं, तितक्याच सरळ. कोणी नाही म्हणेल याची लाज त्यांना तेव्हाही वाटत नव्हती. मी इतकं मोठं काही जवळून कधी पाहिलं नव्हतं.

मी कुंपणाच्या आत आले.

"मले काईच येत नाई," मी म्हणाले, "पण मी राहते."