हजेरीतला दहावा रकाना

शिवकन्या, सातवीतली. श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी, अंगात ताप फणफणत असताना, किनवट तालुक्यातल्या एका वसतिगृहानं तिला एकटीला बाहेर काढलं. हदगावला आईच्या दारात येऊन ती कोसळली. शुद्धीवर आलीच नाही, दुसऱ्या दिवशी गेली. वसतिगृह म्हणतं — आईच येऊन घेऊन गेली! तिची आई, गयाबाई, त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात निंदत होत्या.

अंगात येणं, भानामती… याविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटलीत. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी जे झालं ते लिहिते.

वसतिगृहाच्या साइटवर हजेरी पालकांना मोबाइलवरून दिसते. गयाबाईंच्याच लॉगिननं मी त्यामागच्या एपीआयकडून, म्हणजे साइटला माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेकडून, थेट महिन्याची माहिती मागवली. ती जेसनमध्ये येते — महिरपी कंसात रोजची नोंद, आधी रकान्याचं नाव, पुढे माहिती. रकाने नऊ. माझा प्रोग्राम नाव दिलेले नऊ रकाने उचलतो, बाकी टाकून देतो. मंगळवार — ‘हजर’. मी चिडून लॅपटॉप मिटायला लागले.

शेजारी बसून ऐकणाऱ्या गयाबाई म्हणाल्या, “आसं निवडून नको वाचू, पोरी. समदं वाच.”

“मावशी, बाकी नुसते कंस आहेत हो.”

“आसू दे कंस. माझ्या लेकराचं हाय ते.”

म्हणून आलेला मजकूर जसाच्या तसा वाचायला घेतला. मंगळवारच्या नोंदीत दहावा रकाना होता. ‘जागा’. पुढे — ‘कंडक्टरकाकांच्या मागं, खिडकीजवळ’.

गयाबाई म्हणाल्या, “खिडकीच लागायची तिला. मळमळायचं.”

मी लगेच पुन्हा मागवलं… रकाने नऊच. साइट बनवणारा म्हणाला, असा रकाना आम्ही केलेलाच नाही.

आम्ही हदगाव स्टँडवर गेलो. किनवट गाडीचा कंडक्टर तिसऱ्या दिवशी भेटला.

“हाव, होती की. एका बाईनं — ह्या मावशी नव्हं — चढवून दिली अन् निघून गेली. तापानं निस्ती थरथर करून राहिली होती, म्हणून माझ्या मागं बसवलं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“वसतिगृहाच्या साइटनं.”

तो हसला. “ती साइट कवापासून खरं बोलायला लागली?”

पण साक्षीचं नाव काढताच — “नोकरी हाय ताई, लेकरंबाळं हायेत.”

पहिल्यांदा आलेला मजकूर माझ्याकडे जपलेला आहे. दहाव्या रकान्यासकट. वकील म्हणतात, कोर्टात वसतिगृहवाले तूच टाइप केलंस म्हणतील. तो कुठून आला, मला आजही सांगता येत नाही.

पण त्या गाडीत इतर सीटवरही माणसं होती. श्रावणातला दुसरा मंगळवार, दुपारची किनवट–हदगाव. तुम्ही होता? मग मान खाली घालू नका. गयाबाईंच्या दारात या आणि काय पाहिलं ते सही करून लिहून द्या.