नाव न ठेवलेली मांजर

सकाळी मी पुसदला, माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तेव्हा सुधीरचा फोन आला. सुधीर माझा चुलतभाऊ, बोरी अरबला राहतो. एरवी फोन उचलल्याबरोबर तो आधी माझ्या मुलीची चौकशी करतो, मग स्वतःचं सांगतो. त्या दिवशी नुसतं "ताई…" म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "माय गेली. झोपेतच गेली. त्रास नाही झाला तिले." मी गॅस बंद केला. सुधीरची आई म्हणजे माझी मोठीमाय, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर माझी वेणी, माझं शिक्षण, लग्न, बाळंतपण, सगळं मोठीमायनंच केलं. दुपारी आम्ही बोरीला पोचलो तेव्हा तिची पिठाची गिरणी बंद होती आणि दारासमोर माणसं दळणाचे डबे घेऊन उभी होती. सकाळी दळायला म्हणून आलेली, तिथंच बातमी कळलेली. कोणीही डबा घरी ठेवून यायला म्हणून परत गेलं नव्हतं. एकानं सायकल भिंतीला लावली होती, मागे ज्वारीची पिशवी तशीच बांधलेली. अंत्ययात्रेत तो तसाच, सायकल हातात धरून चालत गेला.

मोठेबाबा, म्हणजे सुधीरचे वडील, गेले तेव्हा मोठीमाय चाळिशीच्या आतबाहेर असेल. घरचे आणि दारचे, सगळ्यांनी तिला एकच सांगितलं की गिरणी कोणालातरी चालवायला दे आणि घरात बस. ती ऐकून घ्यायची, चहा द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन उभी राहायची. पट्टा कसा चढवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीनं टाकी कशी लावायची, हे तिनं मोठेबाबांचं पाहून पाहून आधीच उचललं होतं. वर्षभरात बोरीतच नाही, आजूबाजूच्या गावांतही गिरणी मोठीमायच्या नावानं ओळखली जाऊ लागली. पांढरं लुगडं तिनं कधी नेसलं नाही. पण गिरणीतून घरी येताना ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरीच असायची. बोलणं मोजकं, आवाज मोठा. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवायची सवय लागल्यामुळे घरातही ती ओरडूनच बोलायची, आणि नवीन माणसाला वाटायचं की ही रागावली.

मी हे सगळं सांगते आहे, कारण पुढची गोष्ट ऐकून कोणाला वाटेल की ती जनावरांसाठी हळवी होणारी बाई होती. तशी ती अजिबात नव्हती. "मले मांजरीचं काही कौतुक नाही," असं ती स्वतःच सांगायची.

चिनू, माझी मुलगी, जेमतेम महिन्याची होती आणि मी बाळंतपणासाठी बोरीला होते. कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी मागच्या पडवीत रिकाम्या पोत्यांवर एक पिवळी मांजर बसलेली दिसली. अंगानं थकलेली, एका डोळ्यावर साय आल्यासारखी. घरात तान्हं मूल म्हटल्यावर गडबड उडाली. शेजारच्या शांताकाकू धावत आल्या. "आधी तिले हाकला, लेकराजवळ मांजर नको," त्यांनी सांगितलं. सुधीर तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. त्यानं पोतं आणलंच. "यात घालतो अन् नदीपलीकडं सोडून येतो. परत यायची नाही." गावात सगळे तेच करतात, त्यात त्याचं काही वावगं नव्हतं. मीही पाळण्याजवळून मनातल्या मनात म्हणत होते की जाऊ दे एकदाची.

मोठीमाय गिरणीतून आली, पदरानं तोंड पुसलं आणि मांजरीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मांजर उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या बाहेर बसली. आत चुलीवर दूध तापत होतं, वास सुटला होता. तरी तिनं पाय आत टाकला नाही. मोठीमायनं सुधीरच्या हातातलं पोतं घेतलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

"काहून?" सुधीरनं विचारलं.

"हिले उंबऱ्याबाहेर बसायची शिस्त कोनीतरी लावली हाय," ती म्हणाली. "ही कोनाच्या तरी घरची हाय. आधी विचारू. हाकलाचं त उद्याबी हाकलता येते."

शांताकाकूंना ते पटलं नाही. मोठीमायनं त्यांच्याशी वाद घातला नाही, पण भीतीही हसण्यावारी नेली नाही. माझ्या खोलीचं दार दिवसरात्र लावायचं ठरलं, पाळण्यावर मच्छरदाणी आली. मांजरीसाठी गिरणीमागची पोत्यांची खोली. तिथं एका टोपल्यात तिच्या घाणीसाठी राख, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचं भांडं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तिनं फोन केला. त्यांनी सांगितलं, दूध देऊ नका, पोट बिघडेल. तपासायला घेऊन या, इंजेक्शन देऊ. आणि बाळाची खोली बंदच ठेवा. मग झाकणाच्या टोपलीत घालून तिनं मांजर दारव्ह्याला नेऊन आणली. बसमध्ये शेजारच्या बाईनं टोपलीत काय आहे विचारलं, तर म्हणाली, "पाहुनी हाय."

आणि मग गिरणीत चौकशी सुरू झाली. दळण घेऊन जो येईल त्याला प्रश्न एकच… "तुमच्या वळखीत कोनाची पिवळी मांजर हरवली काय?" पिठाच्या डब्यासोबत हा प्रश्न बोरीच्या घराघरांत गेला, तिथून पाहुण्यारावळ्यांबरोबर नेरपर्यंत पोचला. लोक हसले. बायका चेष्टा करायच्या, "मोठीमाय, मांजर दळून देता काय?" तिनं मनावर घेतलं नाही. घरात मात्र मांजरीला नाव ठेवायची चढाओढ लागली. सुधीर 'राणी' म्हणायचा, मी 'सोनी'. मोठीमाय तिला कधीच कशानं हाक मारायची नाही. मी एकदा विचारलं तर यंत्र बंद करून मला म्हणाली, "नाव ठेवलं का ते आपलं होते, पोरी. मंग देववत नाही." एवढं म्हणाली खरी, पण तोवर मांजर दिवसभर तिच्याच खुर्चीखाली बसायला लागली होती, आणि यंत्रात तेल घालायला वाकताना मोठीमाय आधी पायाखाली बघायला लागली होती.

एके दिवशी बाजारातले एक मोठे किराणा दुकानदार आले. त्यांचं बेसन, त्यांचा मसाला, सगळं आमच्याच गिरणीत दळून जायचं. गोदामात उंदीर झाले होते आणि आयती मांजर मिळतेय म्हटल्यावर ते म्हणाले, "बाई, ही माझीच मांजर हाय. घेऊन जातो."

"असंन," मोठीमाय म्हणाली. "मंग सांगा बरं, स्वयंपाकघरापाशी गेली का काय करते?"

"मांजर काय करीन? आत घुसते, दूध पिते."

"ही घुसत नाही, शेठ," ती शांतपणे म्हणाली. "तुमची दुसरी असंन."

शेठ उठून गेले आणि त्यांचं दळणही त्याच आठवड्यात दुसऱ्या गिरणीत गेलं. सुधीर चिडला. एका मुक्या जनावरापायी इतकं जुनं गिऱ्हाईक घालवलं, म्हणाला. मोठीमायनं जेवता जेवता उत्तर दिलं, "गिऱ्हाईक त्याच्या मर्जीनं गेलं. हिले मी माह्या मर्जीनं खोट्या मानसाच्या हाती कशी देऊ?" मी पाळण्याला झोका देत ऐकत होते. तेव्हा मला वाटलं, ही बाई माझी मोठीमाय आहे, आणि हे चिनूला मोठं झाल्यावर सांगायचं.

शेवटी उत्तर आलं ते कापूस वेचणाऱ्या बायांकडून. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून त्या दरवर्षी टेम्पोनं आमच्या भागात वेचणीला येतात, शेतात पाल ठोकून राहतात. बाजाराच्या दिवशी त्यांतली झमकूबाई ज्वारी दळायला आली. मोठीमायनं नेहमीचा प्रश्न विचारला. झमकूबाईनं खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि ओढणी सावरत तिथंच खाली बसली. "अवं, ही त हरसिंग काकाची हाय," ती म्हणाली. "घरून फोन आला होता, काकाची मांजर हरवली म्हणून. आमच्याच टेम्पोत बसून आली असंन… तांड्यात शोधून राह्यले अन् ही इथं." हरसिंग काकांची बायको मागच्या उन्हाळ्यात वारली होती. मांजर तिची होती. मुलं पुण्याकडे कामाला, म्हातारा एकटा.

झमकूबाईनं तिथूनच फोन लावून मोठीमायच्या हातात दिला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मांजर सापडली, असं मोठीमायनं काकांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ती चुलीपाशी येते का?"

"नाही. उंबऱ्याबाहेर बसते."

"मग तीच," ते म्हणाले. "माझ्या घरवालीनं शिकवलं होतं." मग विचारलं, "खाते का?" मोठीमायनं सांगितलं, खाते, बरी आहे, सुई टोचून आणली. त्यावर काका म्हणाले, "तुमच्याकडं सुखात असंन त राहू द्या, बाई. मी म्हातारा मानूस, माझं काय खरं हाय…"

मी मोठीमायच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मांजर तिच्या पायाशी होती, मालकानं स्वतःहून ठेवून घ्यायला सांगितलं होतं. यापेक्षा सोपं काय असतं? ती म्हणाली, "मी घेऊन येतो तिले." फोन परत देताना झमकूबाईनं विचारलं, ते राहू द्या म्हणत होते, मग कायले? मोठीमाय म्हणाली, "राहू द्या म्हने, पन फोन काही ठेवला नाही त्यानं."

मला तसंही सासरी पुसदला परतायचंच होतं. सुधीरनं मित्राची जीप मागून आणली. पुढे तो, मागे मी आणि चिनू, आणि सगळ्यात मागे टोपली धरून मोठीमाय. ज्या मांजरीपायी चिनूच्या खोलीचं दार लावून घेत होतो, तिच्यासोबतच चिनूचा पहिला लांबचा प्रवास झाला. दारव्हा, दिग्रस, पुसद मागे टाकून आम्ही महागावच्या बाजूला वळलो. तांडा टेकडीच्या उतारावर होता. हरसिंग काका सकाळपासून घरासमोरच्या बाजेवर बसून होते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. पागोटं नवं होतं.

टोपलीचं झाकण काढलं. मला वाटलं होतं की ती धावत त्यांच्या मांडीवर जाईल. तसं काही झालं नाही. तिनं अंगणात हिंडून सगळं हुंगलं, बाजेचे पाय हुंगले, काकांच्या वहाणा हुंगल्या, आणि जाऊन घराच्या उंबऱ्याबाहेर बसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आले. पाण्याचा तांब्या त्यांनी आधी मोठीमायच्या हातात दिला. थोड्या वेळानं त्यांनी चिनूला बघायला मागितलं. दोन्ही हातांनी अलगद धरलं आणि मोठीमायला विचारलं, "एवढं लहान लेकरू घरात, अन् मांजर ठेवली. भ्याल्या नाही?"

"भ्यालो ना," मोठीमाय म्हणाली. "दार लावून घेत होतो."

काका हसले. घरवाली गेल्यापासून पहिल्यांदा हसले, असं झमकूबाईच्या जावेनं नंतर सांगितलं. खरं-खोटं मला माहीत नाही. आम्हाला भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ल्याशिवाय त्यांनी उठू दिलं नाही. परतीच्या वाटेवर मोठीमायनं रिकामी टोपली पायाशी ठेवली होती. पुसदला माझ्या घरी चहाचा कप हातात घेतला तेव्हा एवढंच म्हणाली, "मांडी रिकामी रिकामी वाटून राह्यली."

किराणावाले शेठ पुन्हा कधी आले नाहीत. पण त्या वर्षानंतर बोरीत कोणाच्या घरी मांजर आली की माणसं पोतं शोधायच्या आधी गिरणीत यायला लागली. "मोठीमाय, मांजर आली, काय करू?" आणि मोठीमाय यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून सांगायची. आधी आजूबाजूला विचार. पाणी ठेव, दूध नको. पिलं हायेत का पाह्य, असली त मायले लेकरापासून तोडू नको. लगेच उचलाले जाऊ नको, भ्यालेलं जनावर चावते. चावलं-ओरबाडलं त राख लावत बसू नको, साबनानं धुऊन दवाखान्यात जाय. अन् कोनाचीच नसंन, त ऑपरेशन करून आन, नाही त वर्षभरात घर भरंन. शांताकाकूंनी पुढे दोन मांजरी अशाच पाळल्या, आणि आम्हाला सांगताना अशा सांगायच्या की जणू पहिल्यापासून त्यांचंच हे मत होतं.

मोठीमायच्या स्वतःच्या नशिबातली मांजर बऱ्याच वर्षांनी आली. काळी, एक कान फाटलेली. सगळ्या गावात विचारून झालं, आठवडे गेले, कोणीच आलं नाही. मग एके दिवशी फोनवर मला म्हणाली, "संगे, विचारून झालं. आता नाव ठेवतो." नाव ठेवलं 'उरली'. सगळ्यांचं देऊन झाल्यावर जी उरली, ती. तिचा आवाज फोनवर इतका खुश मी क्वचितच ऐकला असेल.

परवा, मोठीमायला जाऊन दीड महिना होत आल्यावर, मी पुन्हा बोरीला गेले. गिरणी आता सुधीरची बायको रंजना चालवते. पोत्यांच्या खोलीचं लाकडी दार कुजलं होतं, म्हणून सुधीरनं लोखंडी दार करायला वेल्डिंगवाल्याला बोलावलं होतं. तो माप घेत होता. जुन्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात सुताराकडून कापून घेतलेलं एक चौकोनी भोक आहे. मोठीमायनं उरलीसाठी करून घेतलेलं; उरली मोठीमायच्या आधीच गेली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, की अंगाला लागू नये.

"हे भोक कायले ठेवता आता?" वेल्डिंगवाल्यानं विचारलं. "पूर्ण पत्रा मारून देतो. उंदीर-घूस येनार नाही."

सुधीर दारासमोर उकिडवा बसला. त्यानं हात आत घालून भोकाच्या कडेवरून बोटं फिरवली, चारही बाजूंनी.

"नाही, भाऊ," तो म्हणाला. "नव्या दारालेबी एवढंच ठेवा. अन् पत्र्याची धार मोडून द्या."