माचातली सायकल आणि जळालेलं छत

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण मन अजूनही रमतं ते उज्जैनच्या एका माचाच्या प्रकरणात.

मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश होण्याचे ते दिवस. भाषेवरून माणसं फटकन तुटत. शहरातल्या एका चौकात माच, म्हणजे माळव्याचं गाण्यांचं लोकनाट्य, चालू होता. त्यात मराठी कारकुनाची टर उडवलेली. एका दुपारी मंचावरचं, जवळच्या भेरूगडला छापलेलं कापडी छत कुणीतरी पेटवलं. मंच रिकामा होता, म्हणून जीव वाचले.

मी ठाणेदार, आणि मराठी. आमची प्रतिष्ठित मंडळी ठाण्यात आली. "साहेब, आधी तो तमाशा बंद करा."

"टर उडवणं गुन्हा नाही. आग लावणं आहे," मी म्हणालो.

बाहेर माळवी मंडळी बोलत होती, "दरोगाजी अपनेवालों को ही बचाएँगे."

खबऱ्याकडून कळलं, दवाखान्यात एक मराठी तरुण भाजलेला हात घेऊन आला होता. त्याला ठाण्यात आणलं. घाम पुसत तो एकच सांगे, "स्टोव्हचा भडका झाला." हात उगारायचा नाही, हा माझा नियम होता. त्याला बसवून ठेवलं.

संध्याकाळी त्याची बहीण स्वतःच आली. मुलींच्या शाळेतली मास्तरीण, सायकलवरून जाणारी.

"आमच्या घरी स्टोव्ह नाही, चूल आहे," ती म्हणाली. "छत यानंच जाळलं. पण त्या माचात कारकुनाची बहीण सायकलवरून यार शोधत फिरते. गावात सायकलवर बाई मी एकटीच. टवाळ पोरं त्यातलं गाणं म्हणत माझ्यामागे येतात. साहेब, दोन्ही लिहून घ्या."

भाऊ ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. "ताईला नोकरी सोडावी लागली असती हो!" त्यानं कबुली दिली.

मी माच रचणाऱ्या आणि बसवणाऱ्या उस्तादांना बोलावलं. हुकूम नाही केला. तिला त्यांच्यासमोर बोलू दिलं. म्हाताऱ्यानं तिच्यासमोर हात जोडले. मग म्हणाला, "बेन, म्हने असो नी सोच्यो थो. वा कडी अब नी गावांगा." ते कडवं आता गायलं जाणार नव्हतं.

"कारकुनाची टर चालू ठेवा," ती म्हणाली. "ती खरी आहे."

खटला चाललाच. उस्तादांनी कोर्टात दयेची विनंती केली. भावाला कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा झाली. नवं छत बहीणभावांनी मिळून बांधलं.

पुढच्या खेळाला ती पहिल्या रांगेत बसली. कारकून आला तेव्हा लोक आधी तिच्याकडे बघू लागले. ती खळखळून हसली, तसा सगळा चौक हसला.

बंदी घातली असती तर मराठी मंडळींनी माझा सत्कार केला असता आणि त्या मुलीचं दुःख कुणाला कळलंच नसतं. बोलणाऱ्याचं तोंड दाबण्यापेक्षा ज्याला ते लागलं त्याला समोर उभं करून बोलू द्यावं, हे मी तिथे शिकलो. त्याच पुढच्या खेळात उस्तादांनी एक नवं सोंग आणलं होतं: सगळ्यांना "समोरासमोर बोला" म्हणत फिरणारा मराठी ठाणेदार. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.