गोचिडाचं औषध

"ताई, यांनी विष प्यायलेलं नाही. कातडीतून आत गेलंय."

डॉक्टरबाईंनी माझ्या नवऱ्याचे तळहात हुंगून हे सांगितलं, तेव्हा हे खाटेवर अंग आपटत होते. तोंडाला फेस, घामानं गादी चिंब. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. कातडीखाली किडे वळवळावेत तसं मांडीचं मांस हलत होतं.

ज्यांच्या दारात म्हशी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ह्यांना वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. आदल्या दिवशी ह्यांनी आमच्या चंद्री म्हशीला वस्तऱ्यानं भादरलं. त्यात स्वतःचा अंगठा कापून घेतला. मग गोचीड मरावेत म्हणून उसावर फवारायचं औषध बादलीत हातानंच ढवळलं आणि तिच्या अंगाला चोळलं. गल्लीत सगळे तसंच करायचे. त्या गडबडीत डबा कलंडून निव्वळ औषध ह्यांच्या मांडीवर सांडलं. शिंगं रंगवायची घाई होती, म्हणून ओली चड्डी तशीच अंगावर ठेवली. दुपारी गोठ्यातच कोसळले.

दवाखान्यात सगळ्यांनी एकच धरलं, की बायकोशी भांडून विष घेतलं. थोरले भावजी माझ्या अंगावर धावून आले. "काय बोललीस गं त्याला? खरं सांग!" तेवढ्यात बाईंनी हात हुंगले. मला विचारलं, "कशाला हात लावला होता?" मी कसंबसं म्हटलं, "म्हशीचं औषध." त्यांनी लगेच कपडे कात्रीनं फाडून काढले आणि साबणानं सगळं अंग धुवायला लावलं.

नंतर त्यांनी मला समजावलं. मेंदूच्या आणि नसांच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. एक पेशी त्या फटीत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा रस सोडते. तो निरोप्या. निरोप पोचला की त्याला पुसून टाकणारा दुसरा रस असतो. ह्या विषानं त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकलेलं. मग निरोप्या दार बडवतच राहतो. घाम गाळ, लाळ गाळ, हात झाड. त्याला दार बंद करायला अ‍ॅट्रोपिनची सुई.

सुयांनी फेस थांबला. पण दुसऱ्या दिवशी हे मला ओळखेनात. तोंड पुसायला वाकले, तर एका हातानं माझी वेणी धरली, दुसऱ्यानं गळा. नखं रुतली. डोळ्यांपुढं अंधार आला. तिघांनी मिळून बोटं सोडवली आणि ह्यांना पट्ट्यांनी खाटेला बांधलं. लग्नापासून एकदाही हात न उचललेला माणूस मला कापून टाकीन म्हणून ओरडत होता.

भावजींनी डॉक्टरबाईंचं मनगटच धरलं. "बंद करा ती सुई! शाना मानूस पिसाळला की हो!"

"सुईनंच भ्रम झालाय, डोस कमी करते," बाई म्हणाल्या. "पण बंद केला तर छातीत पाणी भरेल. स्वतःच्या लाळेतच बुडतील ते."

भावजी हात सोडेनात. माझा घसा बसला होता, तरी बोलले. "भावजी, बाईंचा हात सोडा. सुई देऊ दे."

"तुलाच मारंल की गं त्यो!"

"मारू दे. जित्ता ऱ्हायला तरच मारंल न्हवं."

भावजींनी हात सोडला.

पुढं हळूहळू हे शुद्धीवर आले. आधी पाणी मागितलं, मग चंद्रीला वैरण घातली का विचारलं. हात बरेच दिवस थरथरत होते. तेही थांबलं.

बायांनो, ते औषध जनावराला लावू नका, उघड्या हातानं तर शिवूच नका. सांडलं तर आधी कपडे काढा, अंग धुवा. आणि अंगाला काय लागलं ते दवाखान्यात लाज सोडून सांगा. त्या बाईंनी हात हुंगले नसते तर हे जगले नसते. रागसुद्धा कधी कधी माणसाचा नसतो, चमचाभर रसाचा असतो, हे मला त्या खाटेपाशी कळलं.

ह्यांना त्यातलं काही आठवत नाही. घरी आल्यावर माझ्या गळ्यावरचा वण बघून म्हणाले, "ह्ये काय गं?"

"चंद्रीनं शिंग मारलं," म्हटलं.

अजून धार काढायच्या आधी तिला एक शिवी हासडतात.